पाचगणीचा फरोख

वाईहून महाबळेश्वरकडे जाणारी वाट पसरणीच्या घाटाने वर चढू लागली, की खाली कृष्णेचे खोरे उलगडत जाते. वळणे घेत घेत मोटार वर येते, हवेतील उष्मा ओसरतो, आणि थोड्याच वेळात सिल्व्हर ओकच्या उंच झाडांत दडलेले एक टुमदार गाव दृष्टीस पडते. हेच पाचगणी. समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे मीटर उंचीवर वसलेले हे गाव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. एक तेथील टेबललँड नावाचे विस्तीर्ण सपाट पठार, आणि दुसरी तेथील निवासी शाळा. वर्धा किंवा बोरगाव मेघे येथे ज्यांनी वैशाखातील ऊन सोसले आहे, त्यांना पाचगणीच्या हवेचे मोल वेगळे सांगावयास नको. याच हवेच्या लोभाने इंग्रजांनी येथे वस्ती केली आणि पुढे मुलांसाठी शाळा काढल्या. सेंट पीटर्स स्कूल ही त्यांपैकीच एक जुनी शाळा.

१९५५ च्या सुमारास या शाळेत आठ वर्षांचा एक पारशी मुलगा दाखल झाला. अंगाने किरकोळ, स्वभावाने लाजाळू, आणि वरचे दात किंचित पुढे आलेले. त्याचे नाव फरोख बलसारा. तीस वर्षांनी हाच मुलगा लंडनच्या एका प्रचंड क्रीडांगणावर उभा राहून हजारो लोकांना आपल्या स्वराबरोबर गावयास लावणार होता. तेव्हा जग त्याला फ्रेडी मर्क्युरी या नावाने ओळखत होते. परंतु पाचगणीच्या वसतिगृहात आपली पेटी उघडून बसलेल्या त्या पोराला यातील काहीच ठाऊक नव्हते. त्याला एवढेच कळत होते, की आपले घर फार दूर राहिले आहे.

घर किती दूर? आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ झांझिबार नावाचे एक बेट आहे. आपले जुने व्यापारी त्याला जंगबार म्हणत. लवंगांच्या बागांसाठी हे बेट सर्वत्र विख्यात होते, आणि व्यापाराच्या व नोकरीच्या निमित्ताने अनेक भारतीय कुटुंबे तेथे स्थायिक झाली होती. फरोखचे वडील बोमी बलसारा हे मूळचे गुजरातेतील. बलसाड गावावरूनच त्यांचे आडनाव पडले होते. झांझिबार तेव्हा इंग्रजांच्या संरक्षणाखाली होते, आणि बोमी तेथील उच्च न्यायालयात रोखपालाचे काम पाहत. आईचे नाव जेर. ५ सप्टेंबर १९४६ रोजी बेटावरील स्टोन टाउन या शहरात फरोखचा जन्म झाला. सहा वर्षांनी त्याला काश्मिरा नावाची बहीण झाली. घरात सुबत्ता होती आणि समुद्र हाकेच्या अंतरावर होता. घरी ग्रामोफोन होता, व त्यावर तबकड्या लावून ऐकत बसणे हा फरोखचा लहानपणापासूनचा नाद होता.

असे सुखी घर सोडून त्याला इतक्या दूर का पाठविले, असा प्रश्न तुमच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. बेटावर उच्च शिक्षणाची सोय बेताची होती. मुलाने उत्तम इंग्रजी शिक्षण घ्यावे आणि पुढे वकील किंवा हिशेबनीस व्हावे, अशी त्या काळच्या नोकरदार पारशी घरांत साहजिक अपेक्षा असे. शिवाय हिंदुस्थानात मुंबईला नातेवाईक होते. म्हणून आईबापांनी काळजावर दगड ठेवून मुलाला समुद्रापार धाडले. झांझिबारपासून मुंबई सुमारे साडेचार हजार किलोमीटर. हा प्रवास आगबोटीने करावा लागे व त्यात कित्येक दिवस जात. मुंबईहून पुण्यापर्यंत आगगाडी, आणि पुण्याहून पाचगणीपर्यंत मोटार.

आठ वर्षांचे मूल म्हणजे तिसरीतील विद्यार्थी. या वयात आपण शेजारच्या गावी मामाकडे गेलो, तरी तिसऱ्या रात्री आईची आठवण येऊन डोळे भरून येतात. फरोखला तर सणासुदीलाही घरी जाणे सोपे नव्हते. पुष्कळदा सुट्टी मुंबईच्या नातेवाइकांकडेच काढावी लागे. घराशी संबंध उरला तो पत्रांचा. लांबणीवर पडलेली पत्रे आणि ओळखीचे एकही माणूस नसलेली शाळा यांत त्या मुलाचे पहिले दिवस कसे गेले असतील, याची कल्पना ज्याची त्यानेच करावी. पुढील आयुष्यात तो या दिवसांविषयी फारसे बोलत नसे.

शाळेचा शिरस्ता इंग्रजी पद्धतीचा आणि कडक होता. घंटा झाली की उठावयाचे, घंटा झाली की जेवावयाचे, घंटा झाली की निजावयाचे. कपडे नीटनेटके हवेत, अंथरुणाची घडी नेमकी हवी. मुलांना निरनिराळ्या गटांत वाटलेले असे आणि गटागटांत खेळाच्या चुरशीच्या स्पर्धा होत. अशा ठिकाणी लाजाळू मुलाची थट्टा होणे अपरिहार्य होते. फरोखच्या जबड्यात मागील बाजूस चार दात अधिक होते. त्यांच्या दाटीमुळे पुढचे दात बाहेर ढकलले गेले होते. मुलांनी त्याला लगेच ‘बकी’ असे टोपणनाव ठेवले. ते त्याला झोंबत असे. हसताना ओठांनी दात झाकून घेण्याची जी सवय त्याला लागली, ती पुढे कधी सुटली नाही. मात्र दुसरेही एक नाव त्याला येथेच मिळाले. फरोख हे नाव इंग्रजी वळणाच्या जिभांना अवघड वाटे, म्हणून त्याला सगळे फ्रेडी म्हणू लागले. हे नाव त्याला आवडले. घरच्या मंडळींनीही ते स्वीकारले, आणि जगभर गाजले ते हेच नाव.

हळूहळू मुलगा रुळला. तो टेबल टेनिस उत्तम खेळू लागला. अंगाने किरकोळ असूनही मुष्टियुद्धाच्या रिंगणात उतरू लागला. चित्रे काढू लागला, नाटकांतून कामे करू लागला. १९५८ साली लहान मुलांच्या गटात अष्टपैलू विद्यार्थी म्हणून त्याला शाळेचे पारितोषिकही मिळाले. परंतु त्याचे खरे मन रमले ते एका मोठ्या लाकडी वाद्यापाशी. ते वाद्य म्हणजे पियानो.

तुमच्यापैकी बहुतेकांनी बाजाची पेटी पाहिली असेल. पेटी वाजविणारा एका हाताने भाता हलवितो आणि दुसऱ्या हाताने स्वर काढतो. पियानोला भाता नसतो. त्याच्या पोटात पोलादी तारा ताणून बसविलेल्या असतात. पट्टी दाबली, की आतील एक लहानशी हातोडी तारेवर आघात करते व स्वर निघतो. पूर्ण पियानोला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या असतात, बावन्न पांढऱ्या आणि छत्तीस काळ्या. दोन्ही हात मोकळे असल्यामुळे वादक उजव्या हाताने गाण्याची चाल वाजवितो, तर डावा हात त्याच वेळी खालच्या स्वरांत साथ करीत राहतो. एकच माणूस स्वतःच गातो आणि स्वतःच साथ देतो, असा हा प्रकार आहे. दोन हातांनी दोन निरनिराळी कामे एकाच वेळी करणे किती कठीण, हे पाहावयाचे असेल तर एका हाताने पोट चोळीत दुसऱ्या हाताने डोक्यावर थापटी मारून पाहावी!

फ्रेडीने एखादे गाणे एकदा ऐकले, की तो पियानोपाशी जाऊन बसे, आणि ते गाणे जसेच्या तसे त्याच्या बोटांतून उमटे. त्याच्या सोबत्यांनी ही गोष्ट पुढे वारंवार सांगितली आहे. रेडिओवर लागलेले गाणे संपते न संपते तोच याची बोटे पट्ट्यांवर धावू लागत. कागदावर लिहिलेली स्वरलिपी समोर नसे, कोणी चाल समजावून दिलेली नसे. केवळ कान आणि स्मरण यांच्या बळावर तो स्वर जुळवी. आपल्याकडेही असे कान घेऊन जन्मलेले गायक झाले आहेत. सुळेभावीचे कुमार गंधर्व असेच बालपणी ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांची गाणी हुबेहूब म्हणत असत. असे कान देणगीदाखलच मिळतात, परंतु कोणी दखल घेतली नाही तर ते वाया जातात.

फ्रेडीच्या बाबतीत ती दखल घेतली गेली. शाळेच्या मुख्याध्यापकांच्या कानी या मुलाचे वादन गेले. संगीत हा काही तेथे सक्तीचा विषय नव्हता. मुलगा टवाळी करीत पियानो बडवितो, असे म्हणून त्याला पिटाळून लावणेही शक्य होते. तसे न करता मुख्याध्यापकांनी झांझिबारला त्याच्या आईवडिलांना पत्र लिहिले. मुलाला संगीताची विशेष गती दिसते, थोडी अधिक फी भरल्यास त्याला रीतसर पियानो शिकविता येईल, असा त्याचा आशय होता. आईवडिलांनी संमती दिली. शाळाखात्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला त्या साध्या पत्राचे मोल वर्गातील सर्व गुणपत्रिकांहून अधिक वाटते. मुख्याध्यापकाच्या हातून रोज दहा पत्रे जातात. त्यांतील एखादेच असे असते.

मग रीतसर धडे सुरू झाले. बोटांचे व्यायाम, तेच तेच स्वरक्रम पुनःपुन्हा, ताल मोजणे, स्वरलिपी वाचणे. ज्याला ऐकलेले गाणे लीलया वाजविता येते, त्याला असले धडे कंटाळवाणे वाटावेत हे उघड आहे. परंतु फ्रेडीने ते टाळले नाहीत. इंग्रजी पद्धतीच्या पियानोच्या परीक्षांत तो वादन आणि शास्त्र या दोन्ही विषयांत चौथ्या श्रेणीपर्यंत पोचला. शाळेच्या गायनवृंदातही तो होता. अशा वृंदात सर्वजण एकच स्वर गात नाहीत. कोणी उंच स्वर धरतो, कोणी मधला, कोणी खालचा, आणि त्या सर्वांचा मिळून एक भरीव नाद तयार होतो. स्वरांवर स्वर कसा रचावा, हे त्या मुलाच्या कानांनी लहानपणीच टिपून ठेवले असले पाहिजे. त्याचा उपयोग पुढे कोठे झाला, ते यथाक्रम येईलच.

याच सुमारास जगाच्या संगीतात एक वादळ उठले होते. अमेरिकेत निग्रो म्हणून हिणवल्या गेलेल्या कृष्णवर्णीय लोकांनी आपल्या दुःखाच्या व श्रमाच्या गाण्यांतून एक नवी धाटणी घडविली होती. तिला वेगवान ठेका मिळाला, विजेवर वाजणारी गिटार मिळाली, आणि १९५० नंतरच्या दशकात ‘रॉक अँड रोल’ या नावाने तिने तरुणांना अक्षरशः झपाटून टाकले. लिट्ल रिचर्ड हा कलावंत पियानोपुढे उभा राहून, अंगविक्षेप करीत, कंठ फोडून गाई. फॅट्स डॉमिनो पियानोवर ठसकेबाज ठेका धरी. इंग्लंडात क्लिफ रिचर्ड नावाचा तरुण गायक पुढे आला. गंमत अशी, की या क्लिफ रिचर्डचा जन्म आपल्या लखनौचा. वडीलधाऱ्या मंडळींना हे संगीत मुळीच रुचत नसे. यात गोंगाट फार, मर्यादा नाही, पोरे बिघडतील, अशी त्यांची तक्रार असे. प्रत्येक पिढीतील वडीलधाऱ्यांची तक्रार अशीच असते, हे येथे सांगितलेले बरे. आपल्याकडेही एकेकाळी नाटकातील पदे ऐकणाऱ्या मुलांना घरी मार बसे.

या वादळाचे वारे रेडिओच्या व तबकड्यांच्या वाटेने पाचगणीच्या डोंगरावरही येऊन पोचले. १९५८ साली सेंट पीटर्समधील पाच मुलांनी मिळून एक वाद्यमेळ काढला. त्याचे नाव ‘द हेक्टिक्स’. सदोदित धावपळीत असलेली मंडळी, असा त्याचा अर्थ घेता येईल. फ्रेडी तेव्हा बारा वर्षांचा होता. ब्रूस मरे हा गात असे. डेरिक ब्रांच गिटार वाजवी. व्हिक्टरी राणा हा नेपाळचा मुलगा ढोल सांभाळी. तो पुढे नेपाळच्या सैन्यात लेफ्टनंट जनरलच्या हुद्द्यास चढला. फरांग इराणी याच्याकडे खर्जाच्या स्वरांचे वाद्य होते. फ्रेडी अर्थात पियानोवर.

या फरांगचे वाद्य ऐकण्यासारखे तसेच पाहण्यासारखेही होते. खरे वाद्य विकत घ्यावयास पैसे कोठून येणार? म्हणून चहाची एक रिकामी लाकडी खोकी आणली. ती उपडी घालून तिला मध्ये भोक पाडावयाचे, त्यातून एक मजबूत दोरी ओवावयाची, आणि दोरीचे दुसरे टोक एका काठीला बांधावयाचे. काठी खोक्याच्या कडेवर टेकवून मागे झुकविली, की दोरी ताणली जाते व स्वर चढतो. काठी सैल सोडली, की स्वर उतरतो. दोरी छेडली म्हणजे रिकामे खोके घुमते. तुणतुण्याचे तत्त्व यापेक्षा फारसे वेगळे नाही. आपल्या विदर्भात तुकडोजी महाराजांच्या भजनी मंडळांनी केवळ खंजिरीच्या साथीवर गावेच्या गावे जागी केली. साधने तोकडी असली, तरी हौशी माणसाचे संगीत अडून राहत नाही.

शाळेच्या समारंभांतून ही मंडळी पांढरे सदरे घालून, केस तेलाने चापून चोपून बसवून रंगमंचावर येत. शेजारच्या मुलींच्या शाळेतील विद्यार्थिनीही ऐकावयास जमत, आणि मग वाद्यमेळाला अधिकच चेव येई. गाणी सगळी दुसऱ्यांची असत. रेडिओवर ऐकलेले गाणे फ्रेडी प्रथम पियानोवर बसवी आणि मग इतरांना ते उचलता येई. मेळाचा खरा आधार तोच होता. परंतु आश्चर्याची गोष्ट ही, की पुढे ज्याच्या कंठाची तुलना जगातील श्रेष्ठ गायकांशी झाली, तो फ्रेडी या मेळात मुख्य गायक नव्हता. पुढे उभा राहून गाण्याचा मान ब्रूसचा. फ्रेडी बाजूला पियानोपाशी बसे आणि मागून स्वरात स्वर मिसळी. पुढे येण्याचे धारिष्ट त्याच्या अंगी अद्याप आले नव्हते. पियानोमागे बसले, म्हणजे दात कोणाला दिसत नाहीत, हेही कदाचित त्याच्या मनात असेल.

मात्र पियानोवर बोटे पडली, की हा लाजाळू मुलगा पार बदलून जाई. कडक शिस्तीच्या त्या शाळेत, घंटांच्या त्या राज्यात, तेवढा वेळ तो कोणाचा ताबेदार नसे. त्याच्या बंडाची सुरुवात अशी कोणाच्याही लक्षात न येता झाली. त्याने शाळेच्या भिंती ओलांडल्या नाहीत, गुरुजनांना उलट उत्तरे दिल्याचेही ऐकिवात नाही. ज्या संगीताला थोर मंडळी नाके मुरडत होती, ते त्याने आपले मानले, एवढेच. या बंडाची किंमत मात्र त्याला द्यावी लागली. गाण्याच्या नादात अभ्यास मागे पडत गेला. पहिल्या काही वर्षांतील हुशार विद्यार्थी शेवटच्या वर्षांत घसरला, आणि शाळेतून बाहेर पडताना त्याच्याजवळ मिरविण्यासारखे गुण नव्हते. वकील किंवा हिशेबनीस होण्याची आशा तेथेच मावळली.

सुमारे आठ वर्षे पाचगणीच्या आसऱ्यास राहून तो झांझिबारला परत गेला. परंतु घराचे सुख त्याच्या वाट्यास फार दिवस आले नाही. १० डिसेंबर १९६३ रोजी झांझिबार इंग्रजांच्या संरक्षणातून मुक्त झाले, आणि अवघ्या महिनाभराने, १२ जानेवारी १९६४ रोजी, तेथे क्रांतीचा भडका उडाला. सुलतानाला देश सोडून पळावे लागले. रस्त्यांतून रक्तपात झाला. हजारो अरब व भारतीय लोक त्यात प्राणास मुकले. बलसारा कुटुंबाने हाती लागेल तेवढे सामान घेऊन इंग्लंडची वाट धरली. लंडनच्या विमानतळाजवळ फेल्टम नावाच्या उपनगरात एका लहानशा घरात त्यांनी पुन्हा संसार मांडला. नोकरचाकरांच्या सवयीत वाढलेले हे कुटुंब तेथे सामान्य कष्टकऱ्यांसारखे राहू लागले. अठरा वर्षांच्या फ्रेडीने सुट्टीत विमानतळावर व गोदामांत ओझी वाहण्याची कामे केली.

पुढे तो ईलिंगच्या कलाविद्यालयात दाखल झाला आणि १९६९ साली ग्राफिक कलेची पदविका घेऊन बाहेर पडला. १९७० साली ब्रायन मे हा गिटारवादक आणि रॉजर टेलर हा ढोलवादक यांच्यासह त्याने नवा वाद्यमेळ उभारला. त्याचे ‘क्वीन’, म्हणजे राणी, हे नाव फ्रेडीनेच सुचविले. त्याचे बोधचिन्हही त्यानेच रेखाटले. चौघा कलावंतांच्या राशींची चिन्हे त्यात गुंफली आहेत: दोन सिंह, एक खेकडा आणि कन्या राशीसाठी दोन पऱ्या. चौथा सोबती जॉन डीकन पुढल्या वर्षी येऊन मिळाला. याच सुमारास फ्रेडीने बलसारा हे आडनाव टाकून मर्क्युरी हे नाव धारण केले. मर्क्युरी म्हणजे बुध, रोमन लोकांचा देवदूत. आपल्या पूर्वायुष्याविषयी तो फारसे बोलत नसे, त्यामुळे झांझिबार आणि पाचगणी ही नावे त्याच्या लाखो चाहत्यांना बरीच वर्षे ठाऊकही नव्हती. आपल्याला याचे थोडे वाईट वाटते. पण ज्याला आठव्या वर्षी घर सोडावे लागले आणि सतराव्या वर्षी दुसऱ्यांदा सोडावे लागले, त्याने मागे वळून पाहण्याचे टाळले, तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

आता तो पियानोमागून पुढे आला होता. त्याचा कंठ चार सप्तकांच्या आसपास फिरतो, असे लोक म्हणू लागले. दात सरळ करून घेण्याचा सल्ला त्याला अनेकांनी दिला. जबड्याची ठेवण बदलली तर आवाजही बदलेल, या भीतीने त्याने तो मानला नाही. ज्या दातांपायी लहानपणी अपमान सोसला, ते त्याने जन्मभर जसेच्या तसे सांभाळले.

१९७५ साली त्याने रचलेले ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे गीत बाहेर पडले. रेडिओवर वाजणारे गाणे तीन मिनिटांच्या आसपास असावे, असा त्या काळी दंडक होता. हे गीत जवळजवळ सहा मिनिटांचे होते. त्यात धृपद नाही. वाद्यांच्या साथीवाचून केलेल्या गायनाने ते सुरू होते, मध्येच युरोपीय संगीतनाटकाचा थाट घेते, मग वादळासारखे कोसळते आणि अखेर पुन्हा शांत होते. इतके लांब गाणे कोणी वाजविणार नाही, ते कापून लहान करा, असे जाणत्या व्यापाऱ्यांनी बजावले. फ्रेडीने एक क्षणही कमी करू दिला नाही. मधल्या भागात मोठा गायनवृंद गात असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात गाणारे तिघेच होते. फ्रेडी, ब्रायन व रॉजर यांनी आपलेच आवाज फितीवर शेकडो वेळा एकावर एक चढविले. इतक्या वेळा ती फीत यंत्रातून गेली, की तिचा लेप झिजून ती आरपार दिसू लागली. पाचगणीच्या गायनवृंदातील मुलगा येथे एकटाच वृंद होऊन गात होता म्हणा ना. ते गीत इंग्लंडात सलग नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले.

कीर्तीच्या शिखरावर असतानाच त्याला एड्स या रोगाने गाठले. त्या काळी या रोगावर परिणामकारक औषध नव्हते. देह क्षीण होत चालला, पाय थकले, तरी स्वित्झर्लंडातील माँत्रो गावी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत उभा राहून तो १९९१ च्या उन्हाळ्यापर्यंत गातच होता. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले. तेव्हा त्याचे वय पंचेचाळीस वर्षांचे होते. आयुष्यभर दूर राहिलेल्या या मुलाला आईवडिलांच्या साक्षीने पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हणून निरोप दिला.

त्याच्या अखेरच्या या कष्टांपूर्वी सहा वर्षे, १३ जुलै १९८५ रोजी, इथिओपियातील दुष्काळग्रस्तांच्या साहाय्यार्थ लंडनच्या वेम्बली क्रीडांगणावर संगीताचा एक मोठा समारंभ झाला. सुमारे बहात्तर हजार लोक तेथे जमले होते, आणि जगभर कोट्यवधी लोक दूरचित्रवाणीवर तो सोहळा पाहत होते. प्रत्येक मेळाला अवघी वीस मिनिटे दिली होती. क्वीनची पाळी आली तेव्हा संध्याकाळ होत आली होती. फ्रेडी धावतच रंगमंचावर आला, लोकांना हात केला आणि सरळ पियानोपाशी जाऊन बसला. पट्ट्यांवर बोटे पडताच त्या अफाट गर्दीने गाणे ओळखले आणि एकच जल्लोष उसळला. थोडा वेळ तो तसाच पियानोमागे बसून गात राहिला. मग तो उठला. हातात ध्वनिक्षेपकाची अर्धी काठी घेऊन तो रंगमंचाच्या अगदी पुढच्या कडेपर्यंत चालत गेला, मान मागे टाकून त्याने एक लांब स्वर लावला, आणि समोरच्या बहात्तर हजार कंठांनी तोच स्वर त्याला परत दिला.